लिखित संख्येचे यांत्रिक वाचन : दशांश अपूर्णांकांच्या पदच्छेदाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

लिहिलेली संख्या आणि प्रत्यक्ष संख्या या दोन भिन्न गोष्टी होत. कागदावर ‘१२.५०’ असे लिहिले असता तेथे केवळ पाच चिन्हे असतात. त्यांवरून साडेबारा हे मूल्य निश्चित करणे ही वाचकाची क्रिया आहे. ही क्रिया सुशिक्षित माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिच्यामागे एक व्याकरण आहे याचा त्यास विसर पडतो. तेच वाचन यंत्राकडून करवून घ्यावयाचे झाले म्हणजे मात्र त्या व्याकरणाचा प्रत्येक नियम स्पष्टपणे सांगावा लागतो आणि कोणता नियम आपण न सांगताच गृहीत धरीत होतो, हेही तेव्हाच कळून येते.

प्रत्येक संगणकभाषेबरोबर तयार फंक्शनांचा एक संग्रह मिळतो. त्यास स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. अक्षरांच्या मालिकेतून अपूर्णांकयुक्त संख्या काढून देणारे फंक्शन या संग्रहात बहुधा असतेच. ते कसे वाचते, कोठे थांबते आणि जे वाचले त्याचे काय करते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक गाव समोर ठेवणे इष्ट होईल. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे लिखित संख्येचे तीन निरनिराळे संप्रदाय एकत्र नांदताना आढळतात. तेथील जैन मंदिरांची हस्तलिखित भांडारे अभ्यासकांस परिचित आहेत. पुष्पदंताच्या ‘णायकुमारचरिउ’ या अपभ्रंश काव्याची डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेली आवृत्ती १९३३ साली कारंजा येथूनच प्रसिद्ध झाली. कापूस व सोयाबीन यांच्या बाजारात क्विंटल-किलोची वजने लिहिली जातात, हा दुसरा संप्रदाय. आणि तालुक्यातील शेतजमिनीचे क्षेत्र ज्या सातबाऱ्यावर नोंदलेले असते, त्याची अंकलेखनाची रीत हा तिसरा. हे तिन्ही लेख एकाच यंत्रापुढे ठेवले, तर त्यांपैकी कोणता बरोबर वाचला जाईल, असा हा प्रश्न आहे.

२. संख्यावाचनाचे जुने नियम

पोथीच्या पुष्पिकेतील लेखनकाल पुष्कळदा शब्दांकांनी दिलेला असतो. ‘नेत्र, बाण, चंद्र’ असे शब्द क्रमाने आले असता त्यांचे अंक दोन, पाच, एक असे होतात. परंतु अंकांची गती वाम दिशेने मानावयाची असल्यामुळे संख्या २५१ नव्हे, तर १५२ होते. शिवाय ‘सागर’ या शब्दाने कोठे चार, तर कोठे सात अभिप्रेत असतात. म्हणजे येथे वाचकास दोन गोष्टी आधीच माहीत असाव्या लागतात : वाचनाची दिशा व चिन्हाचे मूल्य. त्या दोन्ही गोष्टी लेखात नाहीत. त्या संप्रदायात आहेत.

जुन्या मराठी हिशेबांत अपूर्णांक उभ्या दंडांनी दाखवीत. ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१॥’ म्हणजे दीड आणि ‘१।॥’ म्हणजे पावणेदोन. या चिन्हांना युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत, म्हणजे २००९ साली, स्वतंत्र स्थाने मिळाली. तथापि चिन्हास स्थान मिळणे निराळे आणि त्याचे मूल्य जाणणारा वाचक मिळणे निराळे. रूढ स्टँडर्ड लायब्रऱ्यांतील वाचक ‘१॥’ यातील दंडांचा अर्थ जाणत नाहीत.

बोलीतील संख्यावाचन याहूनही सूक्ष्म आहे. ‘दीड, दीडशे, दीड हजार, दीड लाख’ या मालिकेत ‘दीड’ हा भाग स्थिर राहतो व त्याचे माप मात्र बदलत जाते. अपूर्णांक एककाशी बांधलेला नाही. तो मोठ्या-लहान मापांवर तरंगत राहतो. यंत्रातील ज्या संख्यांना फ्लोटिंग पॉइंट किंवा चलबिंदू संख्या म्हणतात, त्यांची रचना नेमकी याच तत्त्वावर आहे : एक अर्थवाही अंकभाग व एक घातांक. मराठी भाषकास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

३. यंत्राच्या वाचनाचे व्याकरण

‘सी’ भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणात ‘स्ट्र-टू-डी’ नावाचे फंक्शन आहे. त्याचे व्याकरण थोडक्यात येणेप्रमाणे आहे. आरंभीची रिकामी जागा सोडून द्यावी. त्यानंतर अधिक वा उणे चिन्ह असल्यास घ्यावे. मग अंक, त्यानंतर ऐच्छिक दशांशबिंदू व पुन्हा अंक. मात्र बिंदूच्या दोन्ही बाजू मिळून निदान एक तरी अंक असावा. शेवटी ‘ई’ हे रोमन अक्षर व त्यापुढे दहाचा घातांक ऐच्छिक आहे. १९९९ सालच्या प्रमाणाने यात षोडशमान पद्धतीच्या संख्या, अनंत आणि ‘संख्या नव्हे’ अशी पदे यांची भर घातली.

या व्याकरणाचे सर्वांत महत्त्वाचे सूत्र असे की, मालिकेच्या आरंभापासून नियमात बसणारा जास्तीत जास्त लांबीचा भाग घ्यावयाचा आणि पहिल्या परक्या चिन्हाशी थांबावयाचे. थांबल्याचे ठिकाण हे फंक्शन दुसऱ्या वाटेने परत सांगते. म्हणजे ते दोन उत्तरे देते : मूल्य किती व वाचन कोठपर्यंत झाले. पुष्कळ कार्यक्रम यांपैकी पहिले उत्तर घेतात व दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. या विषयातील बहुतेक अनर्थ या दुर्लक्षातून उद्भवतात.

पुढील उदाहरणे येथे देवनागरी अंकांत छापली आहेत; परंतु अन्यथा सांगितले नसेल तेथे ती यंत्रास आंतरराष्ट्रीय अंकांत दिली आहेत असे समजावे. ‘१२.३५ क्विंटल’ ही मालिका दिली असता वाचक १२.३५ हे मूल्य देतो व रिकाम्या जागेशी थांबतो. हे योग्यच झाले. ‘१,२५,०००.५०’ ही रक्कम दिली, तर तो पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतो व १ हे मूल्य देतो. सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि यंत्राच्या व्याकरणाप्रमाणे त्यात कोणतीही चूक नसते. कारण ‘१’ हे पद शुद्ध आहे व उरलेला भाग त्याच्या दृष्टीने संख्येबाहेरचा आहे.

दशांशबिंदूचे चिन्हही सर्वत्र एक नाही. जर्मन लेखनात बिंदूच्या जागी स्वल्पविराम वापरतात व सहस्रांचे गट पाडण्यास बिंदू वापरतात. ‘स्ट्र-टू-डी’ हे फंक्शन चालू कार्यक्रमाने निवडलेल्या देशरिवाजाप्रमाणे हे चिन्ह बदलते. जर्मन रिवाज लागू असता ‘१२.५’ ही मालिका त्यास बाराशी थांबावयास लावते. यास्तव एकाच संचिकेचे वाचन दोन यंत्रांवर दोन प्रकारे होऊ शकते. ‘सी प्लस प्लस’ भाषेच्या २०१७ सालच्या प्रमाणात आलेले ‘फ्रॉम-चार्स’ हे फंक्शन म्हणूनच देशरिवाज मानीत नाही, आरंभीची रिकामी जागा सोडीत नाही आणि अधिक चिन्हही स्वीकारीत नाही. व्याकरण जितके आखूड, तितका संदेह कमी, असा त्यामागील विचार दिसतो.

४. देवनागरी अंकांची स्थिती

आता हीच ‘१२.५०’ मालिका खरोखरीच देवनागरी अंकांत यंत्रापुढे आली, तर काय होते? यूटीएफ-८ या संकेतनात प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांचा असतो. ‘स्ट्र-टू-डी’ यास त्यांतील पहिलाच बाइट अपरिचित वाटतो. ते आरंभापाशीच थांबते व शून्य हे मूल्य देते. थांबल्याचे ठिकाण तपासले, तर वाचन झालेच नाही हे कळते. परंतु त्याच संग्रहातील ‘ए-टू-एफ’ हे जुने फंक्शन थांबल्याचे ठिकाण सांगतच नाही. त्याच्याकडून आलेले शून्य हे खरोखर लिहिलेले शून्य आहे की न वाचलेले साडेबारा आहेत, हे ओळखण्यास काहीही साधन उरत नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथे एक लक्षणीय भेद आहे. न कळलेला शब्द ‘कळला नाही’ असे सांगणारा वाचक आणि न कळलेल्या शब्दाचा काही तरी अर्थ लावून पुढे जाणारा वाचक, हे दोन निराळे वाचक होत. पायथन भाषेतील ‘फ्लोट’ देवनागरी अंक स्वीकारते व ‘१२.५०’ याचे साडेबारा करते. जावा भाषेत पूर्णांक वाचणारे ‘पार्स-इंट’ देवनागरी अंक स्वीकारते. परंतु अपूर्णांक वाचणारे ‘पार्स-डबल’ ते नाकारते व तसे स्पष्ट सांगते. एकाच संग्रहात पूर्णांकाचे दार उघडे व अपूर्णांकाचे बंद, अशी ही स्थिती आहे. जावास्क्रिप्टमधील ‘नंबर’ हे फंक्शन ‘संख्या नव्हे’ असे उत्तर देते. नाकारणाऱ्या वाचकापासून फारसा अपाय नाही. शून्य देऊन गप्प बसणाऱ्या वाचकापासून आहे.

५. मूल्यनिश्चिती : सर्वांत जवळची संख्या

पदच्छेद झाला म्हणजे वाचनाचा पूर्वार्ध संपतो. उत्तरार्धात त्या पदाचे मूल्य यंत्राच्या संख्येत बसवावयाचे असते. १९८५ साली निश्चित झालेल्या आयईईई ७५४ या प्रमाणानुसार द्विगुण अचूकतेच्या संख्येत ५३ द्विमान अंकांचा अर्थवाही भाग असतो. यात केवळ तेच अपूर्णांक तंतोतंत बसतात, ज्यांचा छेद दोनाचा घात असतो.

यातून एक मनोरंजक निष्कर्ष निघतो. पाव, अर्धा व पाऊण हे तिन्ही अपूर्णांक यंत्रात तंतोतंत बसतात. रुपयाचा सोळावा भाग जो आणा, तोही बसतो. आण्याचा चौथा भाग जो जुना पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, तोही बसतो. केवळ पै मात्र, ती रुपयाचा १९२ वा भाग असल्यामुळे व त्या छेदात तीन हा अवयव असल्यामुळे, बसत नाही. उलट १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्या शंभरांपैकी २५, ५० व ७५ पैसे सोडले, तर रुपयाच्या आत एकही रक्कम द्विमान यंत्रात तंतोतंत बसत नाही. माणसास जी पद्धती सोपी झाली, ती यंत्रास अवघड गेली. आण्यांची भाषा ही मुळातच अर्ध्याच्या अर्ध्याने विभागणारी, म्हणजे द्विमान वळणाची होती.

जी संख्या बसत नाही, तिच्याऐवजी तिच्या सर्वांत जवळची बसणारी संख्या घ्यावयाची, असा नियम आहे. ०.१ हे लिहिले असता यंत्रात ३६०२८७९७०१८९६३९७ भागिले २ चा ५५ वा घात ही संख्या जाते. ती एक दशांशाहून अत्यल्प मोठी आहे. दहा पैसे व वीस पैसे यांची यंत्राने केलेली बेरीज तीस पैशांच्या यांत्रिक रूपाशी जुळत नाही, हे प्रसिद्ध उदाहरण यातूनच उद्भवते. दोन आणे व चार आणे यांच्या बेरजेत तसे होत नाही.

सर्वांत जवळची संख्या शोधणे हे काम दिसते तितके सोपे नाही. शाळेत शिकविल्याप्रमाणे बारा, अधिक तीन दशांश, अधिक पाच शतांश असे करीत गेल्यास प्रत्येक पायरीवर थोडी थोडी त्रुटी साचत जाते. त्याऐवजी बिंदू काढून १२३५ हा पूर्णांक घ्यावा व त्यास १०० ने एकदाच भागावे. दोन्ही संख्या यंत्रात तंतोतंत बसतात आणि एका भागाकाराचे उत्तर यंत्र सर्वांत जवळचेच देते, म्हणून १२.३५ चे वाचन निर्दोष होते. अंकभाग २ च्या ५३ व्या घातापेक्षा मोठा नसेल व दहाचा घात २२ पर्यंतचा असेल, तोपर्यंत ही सोपी वाट पुरते. बाजारातील वजने व रकमा बहुधा या मर्यादेत असतात.

मर्यादेबाहेर मात्र प्रश्न कठीण होतो. ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या घ्या. ती २ च्या ५३ व्या घाताहून एकाने मोठी असून दोन शेजारच्या यांत्रिक संख्यांच्या अगदी मध्यावर पडते. अशा वेळी ज्या शेजाऱ्याचा शेवटचा द्विमान अंक शून्य असेल तो घ्यावा, असा संकेत आहे; म्हणून उत्तर शेवटी ९२ असलेले येते. परंतु याच संख्येपुढे बिंदू देऊन शेकडो शून्ये लिहिली व अगदी टोकाला एक लिहिला, तर मध्यबिंदू ओलांडला जातो व उत्तर शेवटी ९४ असलेले यावयास हवे. सर्वांत शेवटच्या, सर्वांत क्षुल्लक अंकाने येथे निर्णय फिरतो. कोणतीही ठराविक अचूकता सर्व मालिकांना पुरत नाही, हे विल्यम क्लिंगर यांनी १९९० साली दाखविले. डेव्हिड गे यांनी त्याच वर्षी निर्दोष वाचनाची जी पद्धती मांडली, ती पुढे अनेक भाषांच्या संग्रहांत गेली.

अशा सीमेवरील वाचनाने यंत्र कसे थबकते, याचे उदाहरण जानेवारी २०११ मध्ये दिसून आले. २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात ही संख्या वाचताना पीएचपी भाषेचा वाचक काही यंत्रांवर दोन शेजारच्या उत्तरांत अखंड हेलकावे खात राहिला व कार्यक्रम कायमचा अडकून पडला. पुढच्याच महिन्यात जावाच्या वाचकात जवळजवळ याच संख्येशी, म्हणजे शेवटी ११ ऐवजी १२ असलेल्या संख्येशी, तसाच दोष आढळला. दोन्ही दोष लवकरच दूर करण्यात आले. परंतु कोणाही परक्याने पाठविलेली एक ओळ यंत्रास ठप्प करू शकते, हे त्यावरून कळून आले. यानंतर २०२० च्या सुमारास मायकेल आयझेल व डॅनिएल लमीर यांनी पाचाच्या घातांचे आधी काढून ठेवलेले कोष्टक वापरून बहुतेक संख्या एक-दोन गुणाकारांत निर्दोष वाचण्याची रीत पुढे आणली. संदेह उरल्यास तो ओळखून ती रीत जुन्या सावकाश मार्गाकडे वळते. गो व रस्ट या भाषांच्या संग्रहांनी २०२१ साली ती स्वीकारली.

६. बिंदूचा अर्थ : सातबाऱ्याचे उदाहरण

येथवर मूल्यनिश्चितीतील जे दोष पाहिले, ते बहुतांशी सोळाव्या-सतराव्या अंकापाशी घडणारे आहेत. शेतजमिनीच्या व्यवहारात त्यांनी फरक पडत नाही. तेथे फरक पडतो तो बिंदूच्या अर्थाने.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर अशा क्रमाने बिंदूंनी विलग करून लिहितात. शंभर चौरस मीटरांचा एक आर व शंभर आरांचा एक हेक्टर. ‘१.०५.००’ म्हणजे एक हेक्टर पाच आर. हा बिंदू दशांशबिंदू नव्हे; तो एकके विलग करणारा विभाजक आहे. एका पदात दोन बिंदू येतात यावरूनच ते उघड आहे. यंत्राचा वाचक मात्र १.०५ येथपर्यंत वाचतो व दुसऱ्या बिंदूशी थांबतो. प्रमाण शंभराचे असल्यामुळे हे उत्तर योगायोगाने बरोबर ठरते, आणि या योगायोगामुळेच पुढची चूक नजरेआड होते. लिहिणाऱ्याने आरांच्या जागी शून्य न देता ‘१.५.०’ असे लिहिले, तर माणूस ते एक हेक्टर पाच आर असेच वाचतो. यंत्र मात्र १.५, म्हणजे एक हेक्टर पन्नास आर वाचते. पंचेचाळीस आरांचा हा फरक एका एकराहून अधिक आहे. पीककर्ज वा नुकसानभरपाई जेथे हेक्टरी दराने ठरते, तेथे हा फरक शेतकऱ्याच्या पदरात किंवा त्याच्यावरील वसुलीत प्रत्यक्ष उतरतो.

जुन्या एकर-गुंठ्याच्या लेखनात योगायोगाचाही आधार नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर होत असल्यामुळे ‘२.२०’ म्हणजे दोन एकर वीस गुंठे, अर्थात अडीच एकर. यंत्राच्या वाचनात ते दोन पूर्णांक दोन दशांश एकर, म्हणजे दोन एकर आठ गुंठे होतात. बारा गुंठे नाहीसे होतात. क्रिकेटच्या धावफलकावर ‘१९.५’ षटके लिहिली असता पुढचा चेंडू टाकल्यावर वीस षटके पुरी होतात, हे लहान मुलासही ठाऊक असते. कारण त्या बिंदूपुढे सहाचे माप आहे हे त्यास संदर्भावरून कळते. संदर्भ यंत्रास कोणी सांगितलेला नसतो. पुष्पिकेतील ‘वाम गती’ जशी लेखाबाहेरच्या संप्रदायातून येते, तसेच हे आहे.

७. निष्कर्ष

या विवेचनातून लिखित संख्येच्या वाचनाच्या तीन पायऱ्या विलग करता येतात. पहिली, चिन्हांची ओळख. दुसरी, पदाची सीमा. तिसरी, पदाचे मूल्य. स्टँडर्ड लायब्ररीने तिसऱ्या पायरीवर गेल्या काही दशकांत असामान्य अचूकता गाठली आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर मात्र ती एकच लेखनसंप्रदाय गृहीत धरते : आंतरराष्ट्रीय अंक, एकच बिंदू, गट पाडणारी चिन्हे नाहीत आणि बिंदूपुढे नेहमी दहाचेच माप.

मराठीत लिहिलेले लेख यंत्राकडून वाचून घ्यावयाचे असतील, तर पुढील दक्षता आवश्यक ठरते. देवनागरी अंकांचे आंतरराष्ट्रीय अंकांत रूपांतर वाचनापूर्वीच करावे. वाचन मालिकेच्या अंतापर्यंत गेले की नाही हे प्रत्येक वेळी तपासावे, आणि गेले नसल्यास मूल्य न स्वीकारता तो लेख माणसाकडे परत पाठवावा. बिंदू हा विभाजक असेल तेथे दशांश वाचणारे फंक्शन मुळीच वापरू नये. बिंदूपाशी पदे तोडून प्रत्येक भाग स्वतंत्र पूर्णांक म्हणून वाचावा व क्षेत्र चौरस मीटरांत साठवावे. रक्कमही तशीच पैशांच्या पूर्णांकात ठेवावी.

संख्या ही सर्व भाषांस समान असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मूल्याच्या बाबतीत ते खरे आहे. लेखनाच्या बाबतीत नाही. लिहिलेली संख्या हा भाषेचाच व्यवहार असून तिचे व्याकरण गावोगाव, दप्तरोदप्तरी निराळे असते. त्या व्याकरणाची नोंद करणे हे काम गणकशास्त्रज्ञाइतकेच भाषाशास्त्रज्ञाचेही आहे. कारंजासारख्या एकेका तालुक्यातील पोथ्या, बाजारपावत्या व जमिनीचे उतारे यांतील अंकलेखनाच्या रीती टिपून त्यांचे वर्गीकरण करणे, हा पदव्युत्तर अभ्यासकास हाती घेण्याजोगा विषय आहे.